भूतकाळाचा शिक्का एकदाच: ‘डिसायडेड टू गो’ की ‘डिसायडेड टू वेन्ट’?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये काम करतात. शिक्षण मराठी माध्यमात झालंय आणि रोज घरी निघण्याआधी दिवसभरात काय घडलं याचा इंग्रजीत पाचसहा ओळींचा रिपोर्ट मेल करावा लागतो. भूतकाळी क्रियापदानंतर ‘टू’ आला की पुढचं क्रियापद पहिल्या रूपात लिहायचं की दुसऱ्या, तिथे त्यांचं अडतं. आणि त्यानंतर ‘टू, फॉर, ॲट, ऑन, फ्रॉम’ यांतलं काय घालायचं हे कशावरून ठरवावं, असंही त्यांनी विचारलंय. सोबत स्वतःचंच एक वाक्य दिलंय:

‘ड्रायव्हर ट्राइड टू ब्रॉट द व्हेइकल इनसाइड, बट गार्ड डिड नॉट अलाउड टू हिम फॉर कम फ्रॉम गेट.’

आधी एक सांगतो. हे वाक्य चुकलंय, पण अडाणीपणानं चुकलेलं नाही. यातली प्रत्येक चूक सरळ मराठीतून आलीय, म्हणून ती मराठीतूनच सुधारता येते. बावीस वर्षं मी नोकरी करणाऱ्यांचे संध्याकाळचे इंग्रजीचे वर्ग घेतोय. ‘टू’ नंतर कायम पहिलं रूप, हा नियम पाठ नसलेला विद्यार्थी मला क्वचितच भेटला. सगळ्यांना पाठ असतो आणि सगळे चुकतात. कारण लिहिताना मन सांगतं की गोष्ट काल घडली, मग क्रियापद भूतकाळातच हवं. आणायचा प्रयत्न कालचा, मग ‘ब्रॉट’ का नको?

आता हेच वाक्य मराठीत म्हणून बघा: ‘ड्रायव्हरनं गाडी आत आणायचा प्रयत्न केला.’ यात भूतकाळ कुठे आहे? फक्त ‘केला’त. ‘आणायचा’ला काळच नाही. ‘आणायचा प्रयत्न करतो’, ‘आणायचा प्रयत्न करेल’, ‘आणायचा प्रयत्न केला’, तिन्हीकडे ‘आणायचा’ जसाच्या तसा. ‘ड्रायव्हरनं गाडी आत आणला प्रयत्न केला’ असं तुम्ही झोपेतही म्हणणार नाही. ‘ट्राइड टू ब्रॉट’ म्हणजे नेमकं तेच. तुम्ही स्टोअर्सचे आहात, तर असं धरा की चलनावर आवक शिक्का एकदाच बसतो. ‘ट्राइड’वर शिक्का पडला, काम झालं. पुढच्या ‘ब्रिंग’वर पुन्हा मारायचा नाही. ‘डिड नॉट अलाउड’मध्येही हीच गडबड आहे. शिक्का ‘डिड’वर बसलाय, म्हणून ‘अलाउ’ कोरंच राहणार.

दहावीला संस्कृत घेतलेल्यांना तुमन्त, म्हणजे ‘तुम्’नं संपणारं ‘जायला, करायला’ अशा अर्थाचं रूप, आठवत असेल. ‘सः गन्तुम् ऐच्छत्’, म्हणजे त्याला जायचं होतं. भूतकाळ ‘ऐच्छत्’मध्ये, ‘गन्तुम्’ अव्यय, त्याला हात लावायचा नाही. तीन भाषा एकच गोष्ट करतात, तरी इंग्रजीतच आपला पाय घसरतो, कारण आपल्याकडे काळ दाखवणारं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि तिथे वाक्य संपतं. इंग्रजीत ते आधीच येऊन जातं, बरंचसं वाक्य मागे उरलेलं असतं, आणि तोवर आपण शिक्का मारलाय हे विसरलेले असतो.

इथून पुढची युक्ती मला वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता सापडली. हे मराठी वाक्य घ्या:

‘त्यानं सोमवारी रेल्वेनं मुंबईला जायचं ठरवलं.’

कर्ता बाजूला ठेवा आणि उरलेलं वाक्य शेवटाकडून वाचा. ठरवलं, जायचं, मुंबईला, रेल्वेनं, सोमवारी. आता इंग्रजी: ‘ही डिसायडेड, टू गो, टू मुंबई, बाय ट्रेन, ऑन मंडे.’ एकही तुकडा हलवावा लागला नाही. एवढंच नाही, तर तुकड्याच्या आतही तसाच उलटा क्रम लागतो. ‘मुंबईला’मध्ये ‘ला’ मागे, ‘टू मुंबई’मध्ये ‘टू’ पुढे. म्हणून आपल्याकडे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं, तर त्यांच्याकडे प्रीपोझिशन. मराठी वाक्य आरशासमोर धरलं की बहुतेक वेळा इंग्रजी वाक्य दिसतं. विशेषणं तेवढी उलटत नाहीत. ‘मोठी गाडी’ची ‘बिग व्हेइकल’च होते. ‘मामाचं घर’ही ‘अंकल्स हाउस’ असं सरळच राहतं.

तुमच्या वाक्याच्या दुसऱ्या भागात मात्र आरसा किंचित हलतो. ‘गार्डनं त्याला गेटातून येऊ दिलं नाही.’ उलट वाचलं तर ‘दिलं नाही, येऊ, गेटातून, त्याला’. इंग्रजीत ‘त्याला’ उडी मारून ‘येऊ’च्या आधी येतो: ‘द गार्ड डिडन्ट अलाउ हिम टू कम थ्रू द गेट.’ कारण साधं आहे. येणारा तो आहे, म्हणून येण्याच्या आधी त्याचं नाव लागतं. ‘साहेबांनी मला गाडी थांबवायला सांगितलं’ याचंही तसंच: ‘सर टोल्ड मी टू स्टॉप द व्हेइकल.’ ‘टोल्ड, आस्क्ड, रिक्वेस्टेड, अलाउड, ॲडव्हाइज्ड, फोर्स्ड’ ही सगळी याच घरातली. माणूस लगेच पाठोपाठ, मध्ये ‘टू’ नाही, आणि मग ‘टू’सकट कोरं क्रियापद. तुमचं ‘अलाउड टू हिम’ आलं ते ‘त्याला’मधल्या ‘ला’मुळे. ‘लेट’ वापरलंत तर दुसराही ‘टू’ जातो: ‘डिडन्ट लेट हिम कम.’ ‘मेड’ही तसंच, ‘मेड हिम वेट’. मात्र ‘त्याला थांबायला लावलं गेलं’ असं फिरवलं की ‘ही वॉज मेड टू वेट’, तिथे ‘टू’ परत येतो. हे का, असं विचारू नका, लक्षात ठेवा.

आता या ‘ला’कडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग तिथेच अडकलाय. शाळेत आपण सगळ्यांनी ‘स, ला, ते, स, ला, ना, ते’ घोकलंय. पण त्या एका ‘ला’च्या पोटात किती गोष्टी आहेत ते कुणी दाखवलं नाही. ‘पुण्याला गेला’, इथे ‘टू’. ‘पुण्याला राहायचा’, इथे ‘इन’. ‘पंधरा तारखेला आला’, ‘ऑन’. ‘सहाला निघाला’, ‘ॲट’. ‘शंभर रुपयांना घेतलं’, तोच प्रत्यय अनेकवचनात, आणि इंग्रजीत ‘फॉर’. ‘भिंतीला टेकून उभा राहिला’, ‘अगेन्स्ट’. ‘मला सांगितलं’, काहीच नाही, नुसतं ‘टोल्ड मी’. आणि ‘मला समजावून सांगितलं’, पुन्हा ‘टू’: ‘एक्सप्लेन्ड इट टू मी’. म्हणून ‘ला’ म्हणजे ‘टू’ हे समीकरण डोक्यातून पुसून टाका. प्रत्ययाचं भाषांतर होत नाही. इंग्रजी प्रीपोझिशन ठरतं ते आधीच्या क्रियापदावरून आणि पुढच्या नामावरून. तारीख किंवा वार असेल तर ‘ऑन’, घड्याळातली वेळ असेल तर ‘ॲट’, महिना किंवा साल असेल तर ‘इन’. एवढ्या तीन गोष्टी पक्क्या केल्या तरी रोजच्या रिपोर्टातल्या बऱ्याच चुका जातील.

‘ऊन, हून’ची पंचमी अशीच फसवते. ‘पुण्याहून आला’ म्हणजे ‘फ्रॉम पुणे’, बरोबर. पण ‘गेटातून आला’ म्हणजे गेट हे निघण्याचं ठिकाण नाही, ती वाट आहे. वाट असेल तिथे ‘थ्रू’. मांजर खिडकीतून आलं, पाणी पाइपातून आलं, गाडी गेटातून आली, सगळीकडे ‘थ्रू’. तुमच्या ‘फ्रॉम गेट’चा अर्थ ऐकणाऱ्याला ‘गेटापासून इकडे’ असा लागतो. चुकीपेक्षाही हे वाईट, कारण वाक्य बरोबर दिसतं आणि भलतंच सांगतं.

काही क्रियापदांच्या पोटात प्रीपोझिशन आधीच शिरलेलं असतं. ‘पुण्याला पोहोचला’ म्हणजे ‘रीच्ड पुणे’, मध्ये ‘टू’ नाही. ‘भावाबद्दल चर्चा केली’ म्हणजे ‘डिस्कस्ड द प्राइस’, ‘अबाउट’ नाही. ‘खोलीत शिरला’, ‘एन्टर्ड द रूम’. ‘राधेशी लग्न केलं’, ‘मॅरीड राधा’, इथे ‘विथ’ घातलेलं मी लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांमध्येही वाचलंय. उलट ‘माझ्यावर रागावला’मधला ‘वर’ इंग्रजीत ‘ऑन’ होत नाही, ‘वॉज ॲन्ग्री विथ मी’ होतो. असे शब्द यादी करून पाठ करू नका, टिकत नाहीत. क्रियापद शिकतानाच त्याच्यामागचा शब्द जोडून एका दमात म्हणा, जसं आपण ‘च्याशी भांडला’, ‘च्यावर चिडला’ लहानपणी एकत्रच शिकलो.

आता ‘फॉर कम’. हा ‘फॉर’ आला ‘येण्यासाठी’मधून. मराठीत हेतू सांगायचे दोन मार्ग आहेत, ‘भेटायला गेला’ आणि ‘भेटण्यासाठी गेला’. दोन्ही बरोबर. इंग्रजीत क्रियापदानं हेतू सांगायचा तर एकच, ‘वेन्ट टू मीट’. ‘वेन्ट फॉर मीटिंग हिम’ नाही. ‘फॉर’ला पुढे वस्तू लागते: ‘वेन्ट टू द मार्केट फॉर व्हेजिटेबल्स’ किंवा ‘टू बाय व्हेजिटेबल्स’. म्हणून ‘ण्यासाठी’ सुचलं की मनात आधी त्याचं ‘ायला’ करा आणि मग ‘टू’ लावा. गंमत म्हणजे हा ‘टू’ आणि आपला ‘ला’ खरोखरच एका जातीचे आहेत. ‘भेटायला’ म्हणजे ‘भेटाय’ला लावलेला ‘ला’. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही या ‘टू’नंतरच्या क्रियापदाला चतुर्थीचा, म्हणजे आपल्या ‘ला’सारखा, प्रत्यय लागायचा. पुढे तो झिजून गेला आणि ‘टू’ तेवढा उरला. म्हणजे ‘भेटायला’ आणि ‘टू मीट’ यांची बांधणी एकच आहे, फक्त आरशातली.

दोन ‘टू’ वेगळे ओळखायचे कसे, हे नेहमी विचारलं जातं. एक ‘टू गो’मधला, दुसरा ‘टू मुंबई’मधला. ‘लुक्ड फॉरवर्ड टू’ नंतर ‘मीट’ की ‘मीटिंग’? क्रियापद काढून तिथे ‘इट’ (‘ते’ या अर्थाचा, खाण्याचा नव्हे) ठेवून बघा. ‘लुक्ड फॉरवर्ड टू इट’ चालतं, म्हणजे हा ‘टू’ नामाचा, पुढे ‘मीटिंग’. ‘डिसायडेड टू इट’ चालत नाही, म्हणजे हा क्रियापदाचा, पुढे ‘गो’. ‘ऑब्जेक्टेड टू इट’ चालतं, म्हणून ‘ऑब्जेक्टेड टू पेइंग’. ‘अग्रीड’ मात्र ही परीक्षा मोडतं. ‘अग्रीड टू इट’ही बरोबर आणि ‘अग्रीड टू गो’ही बरोबर. तेवढं एक खिशात ठेवा.

‘आयएनजी’ कुठे आणि ‘टू’ कुठे, याचंही उत्तर बरंचसं मराठीत आहे. दोन जोड्या बघा. ‘गॅस बंद करायचं माझ्या लक्षात राहिलं’, म्हणजे ‘आय रिमेंबर्ड टू टर्न ऑफ द गॅस’. ‘गॅस बंद केल्याचं मला आठवलं’, म्हणजे ‘आय रिमेंबर्ड टर्निंग ऑफ द गॅस’. पहिल्यात आधी आठवलं, मग बंद केला. दुसऱ्यात आधी बंद केला, मग आठवलं. मराठीनं हा फरक ‘करायचं’ आणि ‘केल्याचं’मध्ये केलाय, इंग्रजीनं ‘टू’ आणि ‘आयएनजी’मध्ये. तसंच ‘ड्रायव्हर चहा प्यायला थांबला’, ‘स्टॉप्ड टू ड्रिंक टी’. आणि ‘ड्रायव्हरनं चहा पिणं थांबवलं’, ‘स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’. पहिला टपरीवर उतरलाय, दुसऱ्याला ॲसिडिटी झालीय. ‘ायला’ आणि ‘ायचं’ला ‘टू’, ‘णं’ आणि ‘ल्याचं’ला ‘आयएनजी’, असं धरून चाललात तर सहसा निभावतं. जिथे निभावत नाही ते शब्द थोडे आहेत: ‘अव्हॉइडेड’ (जायचं टाळलं, ‘अव्हॉइडेड गोइंग’), ‘सजेस्टेड’ (जायचं सुचवलं, ‘सजेस्टेड गोइंग’), ‘एन्जॉइड’, ‘फिनिश्ड’. यांतल्या ‘सजेस्टेड’नं तर पोरांना छळलंय. ‘सजेस्टेड मी टू गो’ हे इंग्रजीत नाही. ‘ॲडव्हाइज्ड मी टू गो’ म्हणा आणि सुटा.

आता तुमच्या रोजच्या कामातली तीन वाक्यं, जी मराठीत सारखी दिसतात. ‘गाडी सकाळी यायची होती.’ ‘ड्रायव्हरला सकाळी यायचं होतं.’ ‘हा ड्रायव्हर रोज सकाळी यायचा.’ तिन्हीत ‘यायचं’च आहे, पण इंग्रजी तीन वेगळ्या घरांत जातं. पहिलं ‘द व्हेइकल वॉज सपोज्ड टू कम’, यायला हवी होती, आली नाही असा सूर. दुसरं ‘द ड्रायव्हर वॉन्टेड टू कम’, त्याची इच्छा होती. तिसरं ‘धिस ड्रायव्हर यूज्ड टू कम’, रिवाज होता, आता नाही. पहिल्यासाठी लोक हमखास ‘व्हेइकल वॉन्टेड टू कम’ लिहितात. गाडीला कसली आलीय इच्छा! ‘सपोज्ड टू’ हा रिपोर्ट लिहिणाऱ्याचा सगळ्यात कामाचा शब्द आहे. दोष कुणावर न टाकता ठरलं होतं आणि झालं नाही हे सांगतो.

‘लागला’चाही असाच घोळ. ‘माल उतरवू लागला’ म्हणजे ‘स्टार्टेड टू अनलोड’, ‘माल उतरवावा लागला’ म्हणजे ‘हॅड टू अनलोड’. आणि ‘उतरवता आला’, ‘उतरवू शकलो’ याला लगेच ‘कुड’ लावू नका. काल एकदाच घडलेली, जमलेली गोष्ट असेल तर ‘वी मॅनेज्ड टू अनलोड’ किंवा ‘वी वेअर एबल टू अनलोड’. जमलं नसेल तर ‘कुडन्ट’ बिनधास्त. या सगळ्यात मराठी कर्ता ‘तो, त्यानं, त्याला’ अशी रूपं बदलत राहतो, इंग्रजीत तो नेहमी ‘ही’च असतो.

एक बारीक गोष्ट, पण स्टोअर्समध्ये पैशाची. ‘आय ट्राइड टू ओपन द बॉक्स अँड चेक द पार्ट्स’ आणि ‘आय ट्राइड टू ओपन द बॉक्स अँड चेक्ड द पार्ट्स’. फरक एका ‘ड’चा. पहिल्यात ‘चेक’ कोरं आहे, म्हणजे ते ‘टू’च्या छत्रीखाली. उघडून तपासायचा प्रयत्न केला, तपासलं असं नाही. दुसऱ्यात ‘चेक्ड’वर स्वतःचा शिक्का आहे, म्हणजे तपासणी झाली. माझ्या एका विद्यार्थ्यानं सवयीनं सगळीकडे ‘ईडी’ लावत दुसरं वाक्य लिहिलं. खोका प्रत्यक्षात उघडलाच नव्हता. आत दोन भाग तुटलेले निघाले, आणि तपासल्याचं तूच लिहून दिलंस असं वरिष्ठांनी त्याला ऐकवलं. ‘अँड’नंतर थांबून स्वतःला विचारा की हे झालं का, की फक्त करायचं होतं? झालं असेल तर शिक्का, नसेल तर कोरं.

नकाराची जागाही पाहा. ‘माल न घ्यायचं ठरवलं’ हे ‘डिसायडेड नॉट टू टेक’. ‘डिड नॉट डिसाइड टू टेक’ म्हणजे अजून ठरलंच नाही. पहिल्यात माल परत गेला, दुसऱ्यात तो गेटवर पडून आहे.

प्रीपोझिशन कुठल्या क्रियापदाला चिकटतं, याकडे सहसा कुणी बघत नाही. ‘ही प्रॉमिस्ड टू सेन्ड द बिल ऑन मंडे’ हे वाचून कुणालाही वाटेल की बिल सोमवारी येणार. सोमवारी नुसता शब्द दिला असेल, तर वार पुढे ओढा: ‘ऑन मंडे ही प्रॉमिस्ड टू सेन्ड द बिल.’ मराठीतही ‘त्यानं सोमवारी बिल पाठवायचं कबूल केलं’ म्हटलं की हीच शंका येते. पण बोलताना आपण आवाजानं निभावून नेतो, मेलला आवाज नसतो.

उच्चाराबद्दल दोनच ओळी, कारण लेखनातली एक चूक तिथूनच येते. ‘यूज्ड टू’ हे बोलताना ‘यूस्टु’ असं एकजीव ऐकू येतं, ‘सपोज्ड टू’ हे ‘सपोस्टु’. शेवटचा ‘ड’ कानावर पडतच नाही, म्हणून लोक ‘यूज टू कम’, ‘वॉज सपोज टू कम’ लिहितात. ऐकू आला नाही तरी लिहिताना तो घालायचा.

तर तुमचं वाक्य असं होईल: ‘द ड्रायव्हर ट्राइड टू ब्रिंग द व्हेइकल इन, बट द गार्ड डिडन्ट अलाउ हिम टू कम थ्रू द गेट.’ उद्याच्या रिपोर्टात बहुतेक याचा पुढचा भाग येईल, म्हणून तोही देऊन ठेवतो. ‘साहेबांनी गार्डला फोन करून गाडी आत सोडायला सांगितलं. आम्ही सहाच्या आत माल उतरवू शकलो.’ ‘सर कॉल्ड द गार्ड अँड टोल्ड हिम टू लेट द व्हेइकल इन. वी मॅनेज्ड टू अनलोड द मटिरियल बिफोर सिक्स.’ ‘कॉल्ड’ आणि ‘टोल्ड’ दोन्हींवर शिक्का आहे, कारण दोन्ही गोष्टी झाल्या. ‘लेट’ आणि ‘अनलोड’ कोरे. आणि ‘कॉल्ड’नंतर ‘टू’ नाही, ‘गार्डला’मध्ये ‘ला’ असला तरी.